मोती पिकेपर्यंत

तामडा म्हणजे माणिक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रंग तांबडा खरा, पण त्यात थोडा काळपटपणा असतो. उन्हासमोर धरला की मात्र आतून पिकल्या रातांब्याच्या रसासारखा लाल दिसतो. सोनारांच्या पंगतीत त्याचं पान अगदी शेवटी. मी या शेवटच्या पानावरच्या दगडापायी वेडा झालो आणि त्या वेडात माझ्या बायकोने मला साथ दिली. तिच्याविषयी लिहायचं तर मला दगडांपासूनच सुरुवात करावी लागते. दुसरी वाट ठाऊक नाही.

मी सडकखात्यात ओव्हरशियर होतो. बिऱ्हाड रत्नागिरीत, मांडवीच्या अंगाला. पावसाळा सोडला तर महिन्यातले पंधरा दिवस मी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मालवण-वेंगुर्ल्याकडे, रस्त्यांच्या कामावर असायचो. तो मुलूख तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होता. सत्तावीस-अठ्ठावीस सालचा सुमार असेल. तिकडे एका ओहोळावर मोरी बांधायचं काम चाललं होतं. पाथरवटाने फोडलेल्या दगडात अभ्रकाची चकाकी होती आणि तीत वाटाण्याएवढे तांबडे दाणे, लाडवात बेदाणे रुतावेत तसे रुतलेले. मी चाकूने एक उकरून काढला. चहूबाजूंनी गुळगुळीत पैलू, कुणी कानशीने घासून बसवल्यासारखे.

"टाका तो, सायबानू," पाथरवट म्हणाला. "असले खडे आमची पोरां गोफणीत घालतत."

मी तो टाकला नाही. रत्नागिरीला आल्यावर सोनाराला दाखवला. त्याने उलटसुलट फिरवला, दिव्याजवळ नेला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. "तामडा," म्हणाला. "माणकाच्या जागी बसवून गिऱ्हाइकाला फसवायला बरा." एवढं बोलून तो आपल्या फुंकणीकडे वळला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी घरी आलो तो पाय जमिनीला न लागता. कचेरीत माझी चेष्टा सुरू झाली. आमच्याकडे पायाखाली जांभा, विहिरीत जांभा, कुंपणाच्या गडग्याला जांभा. "गावाच्या नावात रत्न आहे तेवढ्यावर समाधान माना," असं हेडक्लार्क म्हणायचे.

घरात आम्ही दोघंच होतो. एकुलती मुलगी लग्न होऊन आंजर्ल्याला गेली होती. बायको तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होती. माझ्या नव्या नादाबद्दल पहिले काही दिवस ती काहीच बोलली नाही. मी ओहोळातली वाळू गोणपाटाच्या पिशवीतून आणायचो, मागीलदारी घमेल्यात पाणी घालून हाताने ढवळायचो आणि संध्याकाळपर्यंत दोन दाणे हाती लागले तर धन्य व्हायचो. चौथ्या दिवशी तिने विळी बाजूला ठेवली आणि बाहेर आली.

"अहो, हे काय घुसळताय? दही आहे का ते? सरा बघू."

तिने वाळू तांदूळ धुवायच्या रोवळीत घेतली आणि चार पाण्यांतून काढली. माती वाहून गेली. उरलेली वाळू उन्हात सुकवली आणि सुपात घेऊन घोळली. पाखडणं वेगळं आणि घोळणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. पाखडताना हलकं उडून जातं. घोळताना सूप हातावर असं काही गोल फिरवायचं की जड ते आपोआप एका अंगाला गोळा होतं. तांदळातला खडा काढायची ही बायकांची रीत. फरक एवढाच की तांदळातला खडा टाकायचा असतो आणि इथे खडाच ठेवायचा होता. सुपाच्या कडेला तांबडी रेघ उमटली. तिने बोटाच्या टोकाने एकेक दाणा वेचून माझ्या हातावर ठेवला. मोजले, सतरा निघाले.

"तांदळातला पांढरा खडा दिसतो मला," ती म्हणाली, "मग पांढऱ्यातला तांबडा का नाही दिसायचा?"

दाणे साफ करायची युक्तीही तिचीच. त्यांच्यावर मातीचा गंज चढलेला असायचा. मी विटेची पूड लावून बोटं सोलून घेतली. तिने आमच्या परसातली बिंबलं ठेचली आणि त्यांच्या आंबट रसात दाणे दोन दिवस बुडवून ठेवले, चिनी मातीच्या बरणीत. मग नारळाच्या काथ्याने घासले. पितळेची भांडी ती तशीच घासायची. गंज गेला आणि आतला रंग वर आला. आम्ही दोघं मागीलदारच्या पायरीवर बसून एकेक दाणा उन्हाकडे धरत होतो आणि तिने एक दाणा स्वतःच्या कपाळावर कुंकवाच्या जागी लावून मला दाखवला. मी हसलो.

परीक्षा मात्र माझ्याकडे असायची. मी पुस्तकं मागवली, जर्मन बनावटीचं एक भिंग घेतलं, सोनाराकडून जुना काटा आणला. दाण्याने काचेवर ओरखडा ओढायचा. जिभेला लावून पाहायचा. खडा कितीतरी वेळ गार राहतो, काच मात्र लगेच उबदार होते. भिंगातून आत बुडबुडा दिसला तर समजायचं की ही भट्टीतली वस्तू, डोंगरातली नव्हे. केसाला बांधून पाण्यात तोलायचा. तामडा पाण्याच्या चौपट भरतो. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे बुचाच्या चकतीवर दाणा ठेवून ती परातीतल्या पाण्यात सोडायची आणि लोहचुंबक जवळ न्यायचा. तामडा असला तर बूच हळूहळू चुंबकाकडे सरकत येतं. हा खेळ बघायला बायको हातातलं काम टाकून यायची.

हळूहळू लोक माझ्याकडे खडे घेऊन येऊ लागले. आंगठ्या, कुड्या, नथी. मी भिंग डोळ्याला लावायचो आणि सांगायचो. माझा स्वभाव तेव्हाही तापट होता आणि खरं बोलण्याची घमेंड त्याहून मोठी. शेजारच्या बाईंनी आईकडून आलेली आंगठी दाखवली. त्यांच्या आईने ती मरताना बोटातून काढून दिली होती. तांबडा खडा होता. चार माणसं ओटीवर बसलेली. मी भिंग लावलं, आत दोन बुडबुडे दिसले. "काच आहे," मी म्हणालो आणि आंगठी परत दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि निघून गेल्या. सहा महिने त्यांनी आमचा उंबरठा ओलांडला नाही.

बायको त्या दिवशी जेवताना म्हणाली, "खरं बोलावं, कोण नको म्हणतंय? पण इतकं चटकन?"

"काचेला मी माणिक म्हणू?"

"माणिक म्हणू नका. बघतो, सवडीने सांगतो, म्हणावं. तेवढ्यात त्या घरी तरी पोचल्या असत्या."

मी तिला खरेपणावर चार वाक्यं ऐकवली. आपल्या हातून काच कधी निसटायची नाही, हेही त्यातच सांगितलं असणार. ते मी सगळ्यांनाच सांगायचो.

चारेक वर्षं अशी गेली. मग ती धडपडायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. चुलीच्या बाजूला ठेवलेला तांब्या पायाने उडायचा. मी म्हणायचो, "वेंधळी झालीस." डोळ्यांचा संशय यायचं कारणच नव्हतं, कारण समोर धरलेलं तिला लख्ख दिसत होतं. सुईत दोरा एका दमात ओवायची, सुपातला मोहरीएवढा दाणा टिपायची. फक्त बाजूचं जग तिला दिसेनासं होत होतं आणि बाजूच्या जगाकडे माझं लक्ष कधीच नव्हतं.

एकदा दिवेलागणीला तिने कंदील लावून खुंटीला टांगला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. आत निळं, बाहेर तांबडं. कालही दिसलं होतं."

मला इतका आनंद झाला! बायको प्रकाशाच्या गोष्टी बोलू लागली म्हणून. हवा दमट असली की पाण्याच्या बारीक कणांतून किरण कसे फुटतात, चंद्राला खळं का पडतं, इंद्रधनुष्यात तांबडा बाहेर का असतो, हे मी पाटीवर आकृत्या काढून तिला समजावलं. ती कपाळ दाबत ऐकत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, "डोकं फार ठणकतंय हो." मी सुंठ उगाळून लावायला सांगितली. मला कडं दिसत नव्हतं, एकाच दिव्याचं तिला दिसतं आणि मला दिसत नाही, एवढासा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पुढे एक दिवस जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. मी ताट सरकवून उठलो आणि नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडा आला, आणि मी घास तोंडात धरून तिच्याकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षांत तिच्या भातात खडा आला नव्हता.

मी तिला अंगणातल्या खळ्यात उन्हाकडे तोंड करून पाटावर बसवलं आणि माझं जर्मन भिंग काढलं. तेच भिंग, दाणे पाहायचं. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि तिच्या आत हिरवट-पांढरी झाक होती. मी दोन्ही डोळे नीट पाहिले. मग भिंग मिटलं.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "मोती धरतोय."

ती हसली. "एवढी वर्षं तुम्ही दाणे धुंडाळताय, आणि मोती माझ्याच डोळ्यांत निघाला की!"

हा विनोद मी कचेरीत सांगितला. लोक हसले. मोतीबिंदू आमच्याकडे घरोघरी. सगळ्यांना त्याची रीत ठाऊक होती: कच्चा मोती काढत नाहीत, पूर्ण पिकू द्यायचा, समोरचं माणूसही दिसेनासं झालं म्हणजे मुंबईला न्यायचं, डॉक्टर एका दिवसात काढतात आणि जाड चश्मा देतात. गावातल्या म्हाताऱ्या वैद्यांनी नाडी धरून तेच सांगितलं. तेव्हा आम्ही आढीतल्या आंब्याची बघावी तशी वाट पाहू लागलो. दर महिन्याला मी तिला उन्हात बसवायचो, भिंग लावायचो आणि सांगायचो, "अजून कच्चा आहे." ती मान हलवायची. मधूनमधून डोकं दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. मोती पिकताना त्रास व्हायचाच, असं मी म्हणायचो. कुणी मला ते सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं.

दोन वर्षं मी तिला असं थांबवून ठेवलं.

शेवटी एका ज्येष्ठात तिने मला विचारलं, "कंदील लावलाय का?" पेटता कंदील तिच्या हातातच होता. मी तिला मुंबईला न्यायचं ठरवलं. पण आगबोटी पावसाळ्यात बंद. घाटावरून नेण्याएवढी तिची ताकद नव्हती. नारळीपौर्णिमा उलटून बोटी सुरू होईपर्यंत आम्ही आणखी तीन महिने काढले. पाऊस कौलांवर वाजत होता आणि ती पडवीत बसून रिकामं सूप मांडीवर घोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, हाताला सवय राहावी म्हणून.

बंदरातून होडीने आगबोटीपाशी गेलो. लाटेवर होडी वरखाली होत होती. तिने शिडी समजून पाय पुढे टाकला तो मोकळ्या हवेत पडला. खलाशाने तिला वरच्या वर धरली.

"बाय, शिडी हिकडं हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काय वो, सांगायचं नाय व्हय?"

मुंबईला आम्ही दोन दिवस एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी आत बोलावलं. त्यांनी खोलीत काळोख केला, दिवा लावला, आरशातून तिच्या डोळ्यांत पाहिलं, बोटांनी पापणीवरून डोळा दाबून पाहिला. मग विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का?"

मी जिकडे बसलो होतो तिकडे तिने तोंड वळवलं.

"हो," मी म्हणालो. "अडीच-तीन वर्षांपूर्वी."

"मग तुम्ही काय केलंत?"

मी पाटीवर आकृत्या काढल्या होत्या. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

"हा मोतीबिंदू नव्हे," ते म्हणाले. "काचबिंदू आहे. मोत्याला थांबलेलं चालतं, ह्याला चालत नाही. तेव्हाच आणलं असतंत तर होतं तेवढं राखता आलं असतं. गेलं ते आता परत येत नाही."

काच. तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझ्या कानांत शेजारणीच्या आंगठीच्या वेळचा माझाच आवाज आला. मी खुर्चीचा हात धरला. बायकोने अंधारात चाचपून माझी बाही पकडली आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ."

परत आल्यावर मी दाण्यांचे डबे माळ्यावर टाकले. भिंग विहिरीत फेकायला निघालो होतो, पण तेवढंही माझ्याने झालं नाही. पेटीच्या तळाशी ठेवलं. दौऱ्यावरून रिकाम्या हातांनी यायचो. दोन महिन्यांनी तिने विचारलं, "पिशवी कुठाय? वाळू नाही आणलीत?"

"कशाला आता?"

"म्हणजे? माझे हात गेलेत का?"

मी डबे खाली काढले. ती पायरीवर बसली, रोवळीत वाळू धुतली, सुपात घोळली आणि सुपाच्या कडेशी बोट नेऊन एकेक दाणा उचलला. मग तो जिभेला लावायची आणि थांबायची. मी बघत असे त्याच्या तिप्पट वेळ. गार राहिला की डब्यात, उबला की बाजूला. ओहोळाच्या वाळूत कुणाच्या फुटक्या बांगडीचे गुळगुळीत झालेले तुकडे असत, तेही ती अचूक बाजूला काढायची. "काचेला घाई असते," एकदा म्हणाली. "लगेच ऊब घेत्ये. थोडं थांबलं की कळतं." तिच्या मनात काही होतं की ती नुसतं काचेबद्दल बोलत होती, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, छाती झाली नाही.

एका दुपारी मी माजघरात बसून दाणे तोलत होतो. ती पडवीत होती. शेजारच्या बाई आल्या. त्या पुन्हा यायला लागल्या होत्या, पण मी समोर असलो तर कमी बोलायच्या. मी आत आहे हे त्यांना कळलं नसावं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला.

"काय गो, मोती नव्हता म्हणतात. काचबिंदू होता म्हणे?"

माझ्या हातातला काटा थांबला.

"छे गो!" बायको म्हणाली. "कोण सांगतं? मोतीच होता. ह्यांनी स्वतः भिंगातून बघितला होता. पिकायच्या आतच आटला, माझं नशीब. काच असती तर ह्यांच्या नजरेतून सुटली असती होय?"

मी उठून बाहेर जायला हवं होतं. चार माणसांत त्याच बाईंना मी काच म्हणजे काच सांगितलं होतं, आता दोन माणसांत सांगायचं होतं, एवढंच. उंबरठा पाच पावलांवर होता. मी बसून राहिलो.

पडवीतून शेजारच्या बाईंच्या बांगड्यांची चाळवाचाळव ऐकू आली. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्या चाळवाचाळवीवरूनच मला कळलं.

मग त्या म्हणाल्या, "हो गो. मोतीच असणार."

त्यानंतर बायको चार वर्षं होती. जो कुणी विचारील त्याला तिने हेच सांगितलं. मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा तिलाही हेच. आम्ही दोघंच असताना त्या शब्दाचा उच्चार तिने कधी केला नाही आणि मीही केला नाही. शेवटच्या आजारात ताप चढला होता, तेव्हा समाचाराला आलेल्या एका लांबच्या चुलतसासूला ती तुटक तुटक म्हणाली, "मोती... पिकला नाही." मी उशाशी होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही.

तिने जमवलेले दाणे बिस्किटाच्या दोन डब्यांत भरून आहेत. परवा एकेक काढून मी पुन्हा जिभेला लावून पाहिले, तिच्यासारखं थांबून. सगळे गार आहेत. तिच्या हातून काच निसटली नाही. माझ्या हातून निसटली. काचबिंदूच होता तो. हे मी तिच्या देखत म्हणायला हवं होतं.